झीलकऱ्याचा आवाज

माझ्या नवऱ्याचा आवाज मला आठवेनासा झाला तो दिवस नेमका माहीत आहे. श्रावणातला दुसरा सोमवार. महादेवाला बेल वाहत होते. एकशे आठ पानं आदल्या दिवशीच मोजून ठेवलेली असतात. त्यातलं साठावं की एकसष्टावं पान हातात होतं, आणि मनात आलं, ते असते तर आतापर्यंत ओसरीतून बोलले असते, ‘झालं का व? भूक लागली.’ वाक्य आलं, पण ते माझ्याच आवाजात आलं. मी थांबले. पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा माझाच आवाज.

उरलेली पानं वाहिली. आरती केली, तुळशीला पाणी घातलं, आणि टोपली घेऊन मासोळ्या विकायला निघाले. आम्ही ढिवर. सोमवारी आणि गुरुवारी मी मासोळी खात नाही, विकते मात्र रोज. त्या दिवशी बोथलीच्या बाजूला गेले. कोणी तरी म्हणालं, आज मासोळ्या ताज्या आहेत. मी हो म्हटलं.

ते माघात गेले. सकाळी तलावावरून आले, छातीत कसंसंच होतं म्हणाले, पाणी मागितलं. गाडी करून गडचिरोलीला नेईपर्यंत वैनगंगेच्या पुलावरच संपलं होतं. शेवटचं बोलले ते जाळ्याबद्दल. ‘बाभळीजवळचं जाळं काढून घेजो.’ हे शब्द पाठ आहेत. कोणत्या शब्दानंतर दम घेतला तेही सांगेन. फक्त ते ऐकू येत नाहीत.

तेव्हा रडू आलं नव्हतं. बायका म्हणाल्या, धक्का बसला तिले, येईन मागून. तेरवी झाली, महिना झाला, तरी आलं नाही. तेव्हा म्हणाल्या, देवाधर्माची बाई हाय, मन घट्ट हाय तिचं. मन घट्ट वगैरे काही नव्हतं. सकाळी चारला उठायचं, आंघोळ, दिवा, माळ, तुळस. मग तलाव. मग टोपली. संध्याकाळी पुन्हा दिवा. एकापुढे एक कामं मांडलेली होती, मी त्यांच्यावरून चालत होते.

फोनमध्ये त्यांचे तीन फोटो आहेत. आवाज नाही. भाग्यश्री, माझी मुलगी, राजुऱ्याला दिली आहे. जावई कोळसा खाणीत आहेत. तिला फोन करून विचारलं, बाबांचं बोलणं कुठे साठवलेलं आहे का. ती म्हणाली, “आई, बाबा फोनवर बोलतच कुठी होते? हं, हं म्हनत, आन् ठेवून देत. तुले काऊन पायजे?”

“सहज.”

भादव्यात देवाजी भाऊ घरी आले. देवाजी भाऊ म्हणजे आमच्या गावच्या खडी गंमतीचे शाहीर, पंचाहत्तरीला टेकलेले. बौद्ध आहेत, आमच्या देवांना हात जोडत नाहीत, पण माझी पूजा संपेपर्यंत पायरीवर बसून राहतात. आणि बसल्या बसल्या टोचतात.

“झालं का व गोकुळाबाई? का आज देवाले झोपूच देत नाई?”

मी प्रसादाची साखर दिली. साखर ते खातात. म्हणतात, साखरेले धर्म नसते.

“ऐक. सावलीले नूतनच्या दुकानात नवीन इलाज आला हाय. कम्प्यूटरच हाय, पन त्यात ते काय म्हन्तेत, एआय. गानं टाकलं का उसवून देते. आवाज आवाजाच्या जागी, ढोलकी ढोलकीच्या जागी. गोधडी उसवाव तसं. चिमूरकडच्या मंडईत भरलेलं मेमरी कार्ड हाय न मायाजवळ? त्यातला माया आवाज काढून घेतो. त्याले नवं म्युझिक लावतो आन् यूट्यूबवर टाकतो. पोट्टे विचारतेत, देवाजी मेला का जिता हाय. दाखवतो त्यायले.”

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला नाही. विचारलं, “त्या कार्डात हे हायेत का?”

“कोन, केवळा? मायाच मागं उभा होता. तीस वर्सं उभा होता, त्याच दिवशी कुठी जाईन?”

माझ्या नवऱ्याचं नाव केवळराम. मी तोंडाने कधी घेतलं नाही. ते देवाजी भाऊंचे झीलकरी होते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर गंमत उभी राहते. पुढे शाहीर डफ घेऊन गातो. त्याची ओळ संपली की मागे तुणतुणं घेऊन उभा असलेला झीलकरी ती टोकाला उचलून धरतो, ‘जी जी’ करत लांब ओढतो, आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. पत्रकावर शाहिराचं नाव छापतात. नाच्याचं, ढोलकीवाल्याचंही असतं. झीलकऱ्याचं नसतं.

“यायचा आवाज निंगन का एकटा?”

“निंगन काऊन नाई? मशीनले काय, तुया घरचा का माया घरचा.”

“मंग मलेबी याचं हाय.”

देवाजी भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांत मी कुठे जायचं आहे असं म्हटलं नव्हतं.

त्यांनी गुरुवार ठरवला. गुरुवारी दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. बारा वर्षांचा नेम आहे. देवाजी भाऊंना माहीत होता, ते विसरले. आठवण द्यायची तर बुधवारी द्यायला हवी होती, आणि बुधवारी मला वाटलं, आपल्याला ऐकायलाच तर जायचं आहे. बोलायचं काय काम.

नूतनचं दुकान बसस्टँडच्या मागे आहे. बाहेर मोबाइलचे कव्हर टांगलेले, आत काचेचं दार, आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. म्हणे आवाज घुमत नाही त्याने. ती तिशीची असेल. लग्नाची गाणी, बुद्धवंदना, झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती असं सगळं रेकॉर्ड करते. बाबासाहेबांच्या फोटोखाली तिचा कम्प्यूटर होता.

“बसा मावशी. पंखा बंद करावा लागते, राग नका मानू.”

मी मान हलवली.

“मावशी बोलत नाईत का?”

“अरे बापा, गुरुवार!” देवाजी भाऊंनी कपाळावर हात मारला. “आज तिचं तोंड बंद. बरंच हाय, तुलेबी शांती, मलेबी.”

तिने कार्ड घातलं. चार-पाच मिनिटं एक रेघ सरकत राहिली. देवाजी भाऊंनी विचारलं, हे उसवते कसं? ती म्हणाली, याला हजारो गाणी ऐकवलेली असतात, त्यावरून हे शिकतं की माणसाचा आवाज कसा असतो, ढोल कसा असतो.

“खडी गंमत ऐकवली का त्याले?”

“नसन ऐकवली, काका. इंग्रजी-हिंदी ऐकवली असन.”

“मंग ते काय शिकलं?” असं म्हणून ते स्वतःच हसले.

पडद्यावर चार पट्ट्या आल्या. नूतनने बोटाने दाखवलं. “हा आवाज. हे ढोल. हे बेस, म्हन्जे खालचा जाडा सूर. आन् हे बाकी. पेटी म्हना, तुणतुणं म्हना, जे कोनत्यात बसत नाई ते याच्यात.”

“मले आवाज दे. बाकीचं काई कामाचं नाई.”

“मावशी, तुमाले काय देऊ?”

मी पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

“आवाजच न फक्त?”

मी मान हलवली. मला आवाजच हवा होता.

तिने पट्टी लावली. देवाजी भाऊंचा आवाज आला, अकरा वर्षांपूर्वीचा, भरलेला. सोबत काही नाही. ढोलकी नाही, माणसं नाहीत. विहिरीत उभं राहून कोणी गावं तसं. देवाजी भाऊ खुर्चीच्या काठावर आले. “पाय, पाय, हे जागा पाय. आता लागत नाई हे जागा मले.” ओळ संपली.

मग काही नाही.

नुसती खरखर, वाळल्या पानावरून काही गेल्यासारखी. सहा-सात क्षण. मग पुन्हा देवाजी भाऊंची पुढची ओळ. ती संपली, पुन्हा खरखर. असं अकरा वेळा झालं. मी मोजलं. हातात माळ नसली तरी माझी बोटं मोजत असतात.

“केवळा कुठी गेला?” देवाजी भाऊ म्हणाले.

नूतनने आवाज मोठा केला. खरखर मोठी झाली. “माइक दूर असन काका त्यायच्यापासून. दूरचं मशीन काढून टाकते.”

“दूरच असन. झीलकऱ्याले कोन देते माइक?” ते हसायला लागले होते, अर्ध्यात राहिले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “नसन आलं बाई. काय करता.”

साडेदहा वाजले होते. बोलायला दीड तास होता. नूतनने ती पट्टी माझ्या फोनमध्ये टाकून दिली, फोन मी पदरात गुंडाळला, आणि आम्ही बसमध्ये बसलो. बारा वाजले तेव्हा बस शेतांमधून चालली होती. धान पोटरीला आला होता. आता बोलता आलं असतं. काही बोलायचं नव्हतं.

घरी मी ती पट्टी रोज ऐकू लागले. देवाजी भाऊंसाठी नाही. ओळ संपते आणि ते नाहीत, तेवढा भाग ऐकायला. माळ घेऊन बसायचे. पहिल्या खरखरीत सात मणी ओढून होत, दुसरीत सात, चौथीत नऊ. नवव्या खरखरीत तर चौदा. चौदा नामं होईपर्यंत देवाजी भाऊ थांबले होते. मला वाटायचं, इतका वेळ माणूस कशासाठी थांबतो. पण ते वाटणंही पुसट होतं. मंदिरात घंटा वाजली की आपण वर पाहतो, तितकंच.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते ऐकू आलं. नवव्या खरखरीतच, बारीक, दातांतल्या दातांत, देवाजी भाऊंचा आवाज. “धर, धर. शाब्बास.”

मी पट्टी मागे घेतली. पुन्हा तेच. धर, धर. शाब्बास. त्या जागी काही नव्हतं, आणि देवाजी भाऊ त्याला शाबासकी देत होते.

मंगळवारी एकटीच सावलीला गेले. टोपली सोबत होती, ती दुकानाच्या बाहेर ठेवली.

“पोरी, हे ऐक. इथी भाऊ म्हन्तेत, धर. काय धर?”

नूतनने कानाला लावलं. तिचा चेहरा बदलला. तिने कम्प्यूटर उघडला. गुरुवारच्या चारही पट्ट्या तिच्याकडे होत्या. ढोल लावला, बेस लावला. मग शेवटची, बाकीची. पेटी आली, तिच्या पोटात तुणतुण्याची टुंगटुंग, आणि त्यावर एक लांब सूर. नवव्या जागेला तो सूर वर गेला आणि तिथेच राहिला, न हलता.

“मावशी,” ती म्हणाली, “हे वाद्य नाई. हा मानूस हाय.”

मी काही बोलले नाही. गुरुवार नव्हता तरी.

“शब्द नाईत न याच्यात. नुसतं जी, जी. आन् आवाज एकदम सरळ, पेटीच्या सुराले लागून. कंप नाई, काई नाई. मशीनले वाटलं वाद्यच हाय. म्हनून त्यायले बाकीत टाकलं.” तिला लाज वाटत असावी. “मीबी ऐकून पाहाले पायजे होतं. माया बापबी गात होता मावशी, संघपाल शाहीर, आयकलं असन तुमी. झील काय असते मले माहीत हाय. पन काका म्हनले बाकीचं कामाचं नाई, तुमी आवाजावर बोट ठेवलं, मंग मी उघडलंच नाई.”

“बरं,” मी म्हटलं. “यातून एकटे निंगतीन का?”

“पाहातो. दुसरं एक हाय, जरा भारी. पन कोनता सूर पेटीचा, कोनता त्यायचा, हे सांगाले मानूस लागन.”

तिने देवाजी भाऊंना फोन केला. ते कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आले, डोक्याला रुमाल, आल्या आल्या ओरडलेच. “मशीनले म्हनाव, केवळा काय तुणतुणं होता?” मग दोघं बसले. नूतन एकेक तुकडा वाजवी, देवाजी भाऊ सांगत, हा तो, हे लच्छूची पेटी, हाही तो. “हे नको काढू, हे त्याचंच हाय, तो असाच चढे.” त्यांचं जेवण राहिलं. मी बाहेर बसून उरलेल्या मासोळ्या विकल्या. एका बाईला सावलीच्या भावात दिल्या, एकीला गावच्या. आत काय चाललं आहे ते दाराच्या काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

तीनच्या सुमारास नूतनने हाक मारली. “मावशी, हात धुवून या. झालं. पूर्न साफ नाई झालं, मधात मधात पान्यात बोलल्यावानी येते. पन एकटे हायेत.”

खुर्ची मला दिली. देवाजी भाऊ उभे राहिले.

आधी शांतता. मग आवाज. बारीक, उंच, सरळ, ताणलेल्या दोरीसारखा. थांबला. पुन्हा आला. आता शाहीर नव्हता, म्हणून मधल्या जागा रिकाम्या होत्या, आणि जिथे आधी रिकामं होतं तिथे तो होता. अकरा वेळा. नवव्या वेळी तो वर जाऊन थांबला, आणि मला न मोजताही कळलं की चौदा मणी होतात.

देवाजी भाऊ पहिल्याच सुराला मागे फिरले होते. स्पीकरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. “केवळाच,” ते म्हणाले. “केवळाच हाय. मले असाच ऐकू ये तो. कधी तोंड पाह्यलं का त्याचं गाताना मी? पाठीवर ये हा आवाज माया.” त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. तीस वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

नूतन माझ्याकडे पाहत होती. “मावशी?”

“अजून एकदा लाव.”

तिने लावलं. मी डोळे मिटून ऐकलं, उघडे ठेवून ऐकलं. पुरुषाचा आवाज होता. चांगला होता. रेडिओवर कोणाचा तरी असतो तसा. तिसऱ्यांदा ऐकताना मी त्यांचा चेहरा समोर आणला, ओठ आणले, आणि तो आवाज त्या ओठांवर ठेवून पाहिला. बसला नाही.

“पटली न ओळख?” देवाजी भाऊंनी विचारलं.

मंगळवार होता. गप्प राहायला कारण नव्हतं. “नाई,” मी म्हटलं.

“काय म्हन्ते व? सोताच्या नवऱ्याचा आवाज ओळखत नाई? डोकं ठिकानावर हाय का तुयं, का उपासानं गेलं?”

“काका,” नूतन म्हणाली.

“काका काय काका! दिवसभर बसलो इथी मी. नरडं नरडं ओळखून दिलं—” आणि ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “तू कधी आलतीच कुठी गमतीले.”

खरं होतं. मंडई कार्तिकात असते, आणि कार्तिकात माझं स्नान असतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धरलेलं व्रत, एकतीस वर्षांत खंड नाही. महिनाभर पहाटे तीनला उठून तलावावर जायचं, म्हणून दिवेलागणीलाच झोपायचं. ते संध्याकाळी तुणतुणं घेऊन निघत तेव्हा मी अंथरूण टाकत असे. पहाटे ओल्या लुगड्यानं मी घराकडे येई तेव्हा ते गमतीतून परत येत असत. दारात गाठ पडे. त्यांचा घसा बसलेला असे, नुसती हवा निघे. माझं पूजा होईपर्यंत बोलणं बंद. मी चहा ठेवी, ते पीत, आणि झोपत. असे एकतीस कार्तिक. बाकीच्या अकरा महिन्यांत घरी त्यांनी कधी एक ओळ गुणगुणलेली मला आठवत नाही. मी कधी म्हटलंही नाही की गा.

मला हवा होता तो आवाज ‘भूक लागली’ म्हणणारा होता. ‘जाळं काढून घेजो’ म्हणणारा. तो कुठेच भरलेला नव्हता. कार्डात होता तो देवाजी भाऊंचा केवळा.

“टाकून दे फोनमदी,” मी नूतनला म्हटलं.

“मावशी, अजून साफ करून पाहू का? साफ झाल्यावर कदाचित—”

“नको. यायचाच हाय तो. भाऊ म्हन्तेत न.”

तिने पैसे घेतले नाहीत. मी चार मासोळ्या ठेवून आले. आमच्या गावापर्यंत देवाजी भाऊ बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. उतरताना म्हणाले, “बोलून गेलो व गोकुळाबाई.” मी म्हटलं, बोलण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या धुरपताबाईच्या फोनवरून भाग्यश्रीला फोन लावला आणि माझ्या फोनमधलं ते तिला ऐकवलं. दोन सूर झाले नसतील. “बाबा!” ती ओरडली. “आई, बाबा व! बाबा हायेत!” मग नुसतं रडणं. जावयांचा आवाज आला, काय झालं, कोण गेलं. मी दोन्ही फोन धरून उभी होते. धुरपताबाईही रडत होत्या. हात अवघडला तेव्हा मी बाजू बदलली.

जरा वेळाने भाग्यश्री म्हणाली, “तू रडली का आई?”

“नाई.”

“काऊन?”

“मले ओळखू नाई आला.”

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, “मी जात होती न बाबासंगं, लहानपनी. डफवाल्याच्या सतरंजीवर झोपून जात होती. एकदा मी म्हटलं, आईले घेऊन चला न. तर बाबा म्हने, तुयी आई देवासंगं हाय, तिले नको उठवू.”

“असं म्हनत?”

“हो. हसून म्हनत.”

मी विचारलं, कसं म्हणत, म्हणून दाखव. तिने म्हणून दाखवलं. तो भाग्यश्रीचा आवाज होता.

त्या दिवसापासून रोज एकदा ऐकते. माळ झाली की, तुळशीला पाणी घालायच्या आधी. नेमच आहे आता. पहिले काही दिवस वाटलं की कधीतरी एकदम लागेल ओळख. मग ते वाटणं थांबलं. मंत्र दिला जातो तेव्हा त्याचा अर्थ कुठे कळतो, तो म्हणत राहायचा असतो, असं मी मनाला सांगितलं. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही.

देवाजी भाऊंचं गाणं यूट्यूबवर आलं. नूतनने त्याला की-बोर्ड लावला, मागे धबधब्याचं चित्र. पोट्ट्यांनी ऐकलं, छान म्हणाले. देवाजी भाऊंना काही रुचलं नाही. “ओळ संपली का म्युझिक येते,” ते म्हणाले. “दम घ्याले जागा हाय, पन दम घेतल्यावानी वाटत नाई.” तेव्हापासून सकाळी माझ्या ओसरीवर येतात. पायरीवर तलावाकडे तोंड करून बसतात. मी फोन त्यांच्या मागे, उंबऱ्यावर ठेवते. तसं त्यांनी सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी मी समोर ठेवला तर ते अवघडून बसले, म्हणून मागे ठेवला.

परवा म्हणाले, “कार्तिक आला.”

“आठ दिवस हायेत.”

“यंदा येशीन का गमतीले? मंडई आपल्याच गावात हाय पयली.”

“मागं कोन हाय?”

“कोनी नाई भेटला अजून. एक पोरगा हाय व्याहाडचा, पन त्याचं झील धरताना बोट हलते, सूर हलते.”

“मंग येऊन काय करू?”

त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. जरा वेळाने विचारलं, “लागली का ओळख?”

“नाई, भाऊ.”

“हं.”

स्नानाचा संकल्प यंदा करायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. विचार करायला बसते आणि दुसरंच काही काम करत असते. आज सकाळी माळ झाली. देवाजी भाऊ आले, बसले. मी फोन उंबऱ्यावर ठेवून सुरू केला आणि आत गेले, चुलीवर आंधण होतं. तांदूळ वैरले. आतून तो आवाज जरा लांबून येतो, कुडाच्या भिंतीतून, शब्द नसलेला. मी पळी धरून उभी राहिले. अकरा वेळा झाल्यावर तो थांबला. देवाजी भाऊंनी हाक मारली, संपलं व म्हणून, आणि मी फोन उचलायला बाहेर आले.